प्लायवूडच्या रेझिनचे मूळ नैसर्गिक वायूत

फर्निचरच्या धंद्यातील वाचकांना प्लायवूडचा भाव तोंडपाठ असतो. पण त्याचे पदर चिकटवणारे रेझिन कशाचे बनते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नेहमीच्या रेझिनचे घटक दोन: युरिया आणि फॉर्मल्डिहाइड. दोन्हींचे मूळ बहुधा नैसर्गिक वायूत असते.

या वायूत मुख्यतः मिथेन असतो. तो जाळणे सोपे, त्याचे रूप पालटणे अवघड. त्यासाठी उत्प्रेरक लागतो, म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. प्रथम वायूतील गंधक काढतात, कारण गंधकाने उत्प्रेरक निकामी होतो. मग वायू आणि वाफ सुमारे ८०० अंश तापमानाला निकेलवरून सोडली की हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड मिळतात. यांपासून मिथेनॉल बनवण्याची रीत जर्मनीत १९२३ साली सुरू झाली. तिला प्रचंड दाब लागे. १९६६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने तांब्याचा उत्प्रेरक वापरून कमी दाबावर हे काम साधले आणि खर्च उतरला. मिथेनॉलची वाफ हवेसह तापलेल्या चांदीवरून नेली की फॉर्मल्डिहाइड तयार होते.

युरियासाठी हायड्रोजनला हवेतील नायट्रोजनची जोड देऊन लोखंडाच्या उत्प्रेरकावर अमोनिया बनवतात. अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखाना मुंबई हायच्या वायूवर याच कामासाठी उभा राहिला.

मिथेनॉलची गोष्ट वेगळी आहे. आसामात नामरूप येथे एप्रिल २०२३ मध्ये रोज ५०० टन क्षमतेचा नवा कारखाना सुरू झाला. तरी देशाची बहुतांश गरज आयातीवरच भागते. त्यात वायू स्वस्त असलेल्या इराण, सौदी अरेबियासारख्या देशांचा मोठा वाटा आहे. तिकडे उत्पादन थांबले किंवा जहाजे अडकली की इकडे रेझिनचा भाव हलतो.

भाव चढला की शेतकऱ्यांचा अनुदानित युरिया स्वस्तात देणारे दलाल दारात येतात. तो कारखान्यात वापरणे गुन्हा आहे, शिवाय शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढणेही आहे. आम्ही सुचवतो की औद्योगिक युरिया पक्क्या बिलानेच घ्यावा, मिथेनॉलच्या दरावर नजर ठेवावी आणि गिऱ्हाईकाला दिलेल्या भावाची मुदत थोडीच ठेवावी. नफा थोडा कमी होईल, पण धंद्याची पत टिकेल.