जेसन किड व होसे हुआन बरेआ

जेसन किड आणि होसे हुआन बरेआ हे २०१०-११ च्या हंगामात एन.बी.ए. या अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील डॅलस मॅव्हरिक्स संघाचे अनुक्रमे मुख्य व राखीव पॉइंट गार्ड होते. चेंडू पुढे नेऊन चढाईची आखणी करणे, हे पॉइंट गार्डचे प्रमुख काम होय.

खेळाची तुलना

१९९४ च्या ड्राफ्टमध्ये किडची निवड दुसऱ्या क्रमांकावर झाली होती. पोर्तो रिकोच्या बरेआला मात्र २००६ मध्ये कोणत्याही संघाने निवडले नव्हते. ३८ वर्षांच्या किडचा वेग मंदावला होता. परंतु अचूक पास, दुरून तीन गुणांची फेक आणि उंच प्रतिस्पर्ध्यांनाही रोखणारा बचाव ही त्याची बलस्थाने होती. बरेआची भिस्त वेगावर होती. उंच खेळाडूंच्या गर्दीतून तो थेट बास्केटपर्यंत मुसंडी मारत असे. कमी उंचीमुळे त्याचा बचाव तुलनेने दुबळा होता.

२०११ ची अंतिम मालिका

मायामी हीटविरुद्ध डॅलस १-२ असा पिछाडीवर असताना प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी चौथ्या सामन्यापासून बरेआला सुरुवातीच्या पाच खेळाडूंत घेतले. त्यासाठी किडला नव्हे, तर डीशॉन स्टीव्हन्सनला बाहेर बसविण्यात आले. आतापर्यंत एकमेकांचे पर्याय असलेले दोन्ही पॉइंट गार्ड आता सुरुवातीपासून एकत्र खेळू लागले आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. बरेआने पाचव्या सामन्यात १७, तर सहाव्यात १५ गुण मिळविले. डॅलसने सलग तीन सामने जिंकून ४-२ अशा फरकाने आपले पहिले विजेतेपद पटकावले.