एका पायात नाचाचा बूट : वाचक काय म्हणतात

मेरी हिगिन्स क्लार्क या अमेरिकन लेखिकेच्या एका कादंबरीविषयी आम्ही मागे या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि वाचकांनी आपले मत कळवावे अशी विनंती केली होती. दोन-तीन पत्रे येतील असे वाटले होते. आली त्याहून पुष्कळ. काही मराठीत, काही फ्रेंचमध्ये, आणि एक तर अर्धे मराठी व अर्धे क्रियोल. काहींनी लग्नघरी आम्हाला गाठून तोंडीच सुनावले. म्हणून आज सगळी जागा त्यांनाच देत आहोत.

ज्यांनी पुस्तक वाचले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. मूळ इंग्रजी कादंबरी 'लव्हज म्युझिक, लव्हज टु डान्स' १९९१ साली प्रसिद्ध झाली. आपल्या बेटावर बहुतेकांनी तिचा फ्रेंच अनुवाद वाचला आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'नृत्याची आवड असलेली तरुणी पाहिजे' असा. न्यूयॉर्कमध्ये एरिन आणि डार्सी या दोन मैत्रिणी राहतात. एक दागिने घडवते, दुसरी लोकांची घरे सजवून देते. टेलिव्हिजनवर काम करणारी त्यांची एक मैत्रीण वर्तमानपत्रांतल्या 'जोडीदार पाहिजे' या जाहिरातींवर कार्यक्रम करीत असते. तिला मदत म्हणून या दोघी अशा जाहिरातींना उत्तरे देतात. एके दिवशी एरिन नाहीशी होते, आणि मग तिचे प्रेत सापडते. एका पायात तिचा स्वतःचा बूट, दुसऱ्या पायात उंच टाचेचा नाचाचा बूट. पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीचा खून अगदी असाच झालेला असतो. म्हणजे हा एकामागून एक खून करणारा माणूस, ज्याला इंग्रजीत सीरियल किलर म्हणतात. डार्सी मैत्रिणीचा मारेकरी शोधण्यासाठी पुन्हा त्याच जाहिरातींना उत्तरे देऊ लागते.

खुनी कोण, हे आम्ही सांगणार नाही. एका वाचनालयाच्या प्रतीत कोणा महाभागाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने त्याचे नाव लिहून ठेवले आहे, अशी तक्रार एका वाचक भगिनीने केली आहे. त्या गृहस्थाला आमचा दुरून नमस्कार.

वाक्वाच्या एका आजींनी हे पुस्तक सिक्लोनच्या रात्री वाचले. तिसरी सूचना लागली होती, खिडक्या बंद, वीज गेलेली. मेणबत्ती संपत आली तरी पुस्तक खाली ठेववेना. दोनदा उठून दाराची कडी पाहिली, असे त्या लिहितात. पण त्यांना आवडले ते वेगळेच. इतके खून असूनही पुस्तकात ओंगळ काही नाही, नातीच्या हातात देताना संकोच वाटला नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खरे आहे. या लेखिकेची ती ख्यातीच होती. १९६४ साली पती वारल्यावर पाच मुलांना वाढवीत, पहाटे पाच ते सात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती लिहीत असे. २०२० च्या जानेवारीत बाण्णव वर्षांची होऊन ती वारली. फ्रान्समध्ये तर तिचे वाचक फारच. 'ला न्वी द्यु रनार' या अनुवादाला १९८० साली तिथला रहस्यकथांचा मोठा पुरस्कार मिळाला होता.

रोझ-हिलच्या एका निवृत्त शिक्षकांनी मात्र आम्हाला खडसावले आहे. मराठी पानावर असल्या पुस्तकांना जागा कशाला, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याला उत्तर एवढेच, की वाचक जे वाचतात त्याविषयीच वाचक बोलणार. पण त्यांचा दुसरा मुद्दा आम्हाला बोचला. मेलेल्या मुली पुष्कळ, पण आईबाप खऱ्या अर्थाने दिसतात ते एक-दोघींचेच. बाकीच्या मुली नावापुरत्या येतात, खुन्याच्या हिशेबातल्या संख्या म्हणून. खुन्याच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला पानोपानी कळते, मुलींच्या मनातले कळत नाही. हे पुन्हा वाचून पाहिले, आणि मास्तरांचे म्हणणे बव्हंशी पटले. एका जागी मात्र लेखिकेने ते भरून काढले आहे. खुनी त्या मुलींच्या घरी टपालाने खोके पाठवतो. आत मुलीचा स्वतःचा बूट आणि नाचाच्या बुटाची दुसरी जोड. ते खोके उघडणाऱ्या आईबापांची पाने वाचताना कोणालाही हिशेब आठवणार नाही.

प्रेमकथेविषयी तरुण वाचक नाराज दिसतात. आधी खून झालेल्या मुलीचा जुळा भाऊ क्रिस आणि डार्सी यांची गाठ फार उशिरा पडते, मग घाईघाईने सगळे जुळते, असे तिघीजणींनी लिहिले आहे. मान्य. प्रेमासाठी पुस्तक उघडणाऱ्यांनी दुसरे पाहावे.

खरा वाद झाला तो जाहिरातींवरून. वडीलधाऱ्यांच्या पत्रांचा सूर एकच : अनोळखी माणसाला जाहिरात वाचून भेटायला जाणे हेच चुकले. घराण्याची चौकशी नाही, गाव माहीत नाही, आत्या-मामांनी पाहिलेला नाही. आणि ही भीती पोकळ नाही. फ्रान्समध्ये लांद्रू नावाच्या माणसाने पहिल्या महायुद्धाच्या काळात वर्तमानपत्रांत लग्नाच्या जाहिराती देऊन विधवांना जाळ्यात ओढले. दहा स्त्रिया आणि एकीचा मुलगा यांच्या खुनाबद्दल १९२२ साली व्हर्सायमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. आज जाहिरातीचे काम फोन करतो, एवढाच फरक.

यावर पोर्ट-लुईत नोकरी करणाऱ्या एका मुलीचे उत्तर असे. पुस्तकातला खुनी अंधारात दबा धरून बसलेला गुंड नाही. तो शिकलेला, मृदू बोलणारा, चांगल्या कपड्यांतला आहे. तो माझ्या घरी चहाला आला असता तर आईने, मावशीने, काकांनी एकमुखाने होकार दिला असता. मग चौकशीने काय कळणार होते?

हे पत्र आम्ही बाजूला ठेवले होते. जरा उद्धट वाटले, खोटे कशाला सांगावे. पण दुसऱ्याच आठवड्यात एका प्रौढ भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीचे लग्न पूर्ण चौकशी करून झाले. दोन्हीकडचे नातेवाईक ओळखीचे, मुलगा शिकलेला, कधी आवाज न चढवणारा. तीन वर्षांनी बहीण एका पिशवीनिशी माहेरी आली. तोवर तिने घरी काही सांगितले नव्हते. कारण ज्यांना सांगायचे त्या सर्वांनीच त्याला पसंत केले होते.

त्या लिहितात, पुस्तक वाचताना न्यूयॉर्क डोळ्यांपुढे आलेच नाही. बहिणीने ते त्यांच्या आधीच वाचून संपवले होते. कसे वाटले असे विचारल्यावर ती म्हणाली, डार्सी नशीबवान, निदान एरिनसाठी शोधायला कोणी बाहेर पडले. मग तिने पुस्तक पुढच्या घरी देऊन टाकले.

मास्तरांना त्या पत्राची नक्कल आम्ही पाठवली आहे. त्यांचे उत्तर आले तर पुढच्या आठवड्यात छापू.