एक्सप्लेनर : वारंवार जायबंदी होणारा खेळाडू संघात घ्यावा का?

प्रो कबड्डीत सिद्धार्थ देसाईचा भाव कसा हलला बघा. कोल्हापूरच्या या चढाईपटूला तेलुगू टायटन्सने २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना घेतलं. आठव्या हंगामासाठी १ कोटी ३० लाख मोजले, पण खांद्याच्या दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळला. नवव्या हंगामात त्याच संघाने त्याला २० लाखांत घेतलं. दहाव्यात हरियाणा स्टीलर्सची बोली थेट १ कोटी!

लिलावात अशी दुरुस्ती पुढच्या हंगामात करता येते. अमेरिकेतल्या ‘एनबीए’ बास्केटबॉलच्या ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात आणि हुकलेला खेळाडू दुसरीकडे जातो. २००७ मध्ये पोर्टलंडने केव्हिन ड्युरँटला सोडून सात फुटी ग्रेग ओडेन निवडला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्याचा पहिला अख्खा हंगाम गेला. पोर्टलंडकडून तो एकूण ८२ सामने खेळला. तिथे एका हंगामातच तेवढे सामने होतात. उलट, पायाचं हाड मोडलेला जोएल एम्बीड २०१४ मध्ये फिलाडेल्फियाने घेतला, दोन हंगाम थांबून. २०२३ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग पाहायचं काय? दुखापती किती, यापेक्षा कुठे. उंच बचावपटू उड्या मारूनच फटके अडवतो. त्याचा गुडघा पुन्हा पुन्हा जात असेल, तर पहिली निवड त्याच्यावर घालवू नये. नंतरच्या फेरीत जरूर घ्यावा.

धाराशिवसारख्या खो-खोच्या जिल्ह्याला हा प्रश्न लांबचा नाही. अल्टिमेट खो-खोचे संघही ड्राफ्टमधूनच ठरले. दुखापत म्हणजे थेट नकार, असं झालं तर पोरं पट्टी बांधून दुखणं लपवतील.