जालन्याच्या आचेला कोणती कढई?

जालन्याच्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि त्यातून बांधकामाच्या सळया निघतात. पोलादाचं शहर ही ओळख या गावाने त्याच उद्योगावर मिळवली. त्याच गावातल्या नव्या संसारात मात्र पहिली कढई बहुधा नॉनस्टिक असते. हल्ली तिच्या जोडीला कार्बन स्टीलचा वोकही विकायला येतो आणि घरी नूडल्स, फ्राइड राइस करणाऱ्यांना प्रश्न पडतो, की यांतलं घ्यावं कोणतं? माझं मत स्पष्ट आहे. ज्या जिल्ह्यात ज्वारीची भाकरी, खर्डा, धपाटे आणि येसर अजून जेवणातून गेलेले नाहीत, तिथे मुख्य भांडं उघड्या लोखंडाचंच हवं. त्याचं कारण साधं आहे: आपल्या स्वयंपाकाची आच नॉनस्टिकच्या थराला झेपत नाही.

हा थर पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या रॉय प्लंकेट यांना तो अपघाताने सापडला आणि १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी तो अॅल्युमिनियमच्या तव्यावर चढवला. साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत तो शांत असतो. त्यापुढे तो खराब व्हायला लागतो आणि ३५०च्या पुढे त्याचं विघटन होऊन जो धूर निघतो, त्याने माणसाला ताप-थंडीसारखी लक्षणं होतात, पिंजऱ्यातले पक्षी तर दगावतातही. कढईत रस्सा उकळत असेल तर ही वेळ येत नाही, कारण पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या आसपासच राहतं. पण मोठ्या आचेवर ठेवलेली पातळ, रिकामी नॉनस्टिक काही मिनिटांतच २६०चा टप्पा ओलांडू शकते. आता आपण रिकामं भांडं कधी तापवतो ते पाहा. भाकरीला तवा कडक तापलेला लागतो, आणि तोही कोरडा. त्याशिवाय पाणी लावलेली बाजू नीट शेकत नाही. येसरासाठी धान्यं, डाळी, खडा मसाला एकेक करून कोरड्या कढईत भाजावा लागतो. खर्ड्याच्या हिरव्या मिरच्या, लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत परतायच्या, मीठ, शेंगदाणे घालायचे आणि तांब्याच्या किंवा वाटीच्या बुडाने तिथेच, तव्यावरच रगडायच्या. मिठाचा खडा, दाणे आणि धातूचं बूड यांच्यामध्ये सापडलेला तो नाजूक थर किती दिवस टिकेल? वोकचीही हीच गोष्ट. गाडीवरचा चायनीजवाला धूर निघेपर्यंत लोखंड तापवतो, म्हणून त्याच्या भाताला ती खमंग चव येते. तीच चव नॉनस्टिक वोकमध्ये आणायची, तर त्याला नेमक्या त्याच तापमानावर न्यावं लागतं जिथे न्यायला नको.

लोखंड मात्र आचेनेच तयार होतं. तेलाचा पातळ हात फिरवून भांडं चांगलं तापवलं, की तेलातले रेणू एकमेकांत गुंतून एक कडक, काळा थर धरतात. सीझनिंग म्हणतात ते हेच. ज्या तेलात लिनोलिक आम्ल जास्त, ते हा थर लवकर धरतं, आणि इथे मराठवाड्याच्या हाताशी मोठी गोष्ट आहे: करडईचं तेल. नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक लिनोलिक आम्ल असतं. याच सुकण्याच्या गुणामुळे ते रंगांसाठीही वापरलं गेलं. करडईचा ‘परभणी कुसुम’ हा वाण शेजारच्या परभणी कृषी विद्यापीठाचा. सोयाबीनच्या लाटेत करडईचं क्षेत्र आक्रसलं, घाण्याचं तेल महाग झालं, याची मला खंत आहे. पण कढई तयार करायला चार चमचे पुरतात. नवी कढई आधी साबणाने आणि घासणीने घासून तिच्यावरचं कारखान्यातलं तेल काढायचं, आचेवर पूर्ण वाळवायची, मग तेलाचा हात द्यायचा आणि तो कापडाने जवळजवळ सगळा पुसून घ्यायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. तेल जास्त राहिलं की थर चिकट होतो. धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचं, निवू द्यायचं आणि हेच तीन-चार वेळा करायचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: लोखंडाला पदार्थ चिकटतो. नव्या कढईला चिकटतो, हे खरंच आहे, आणि थंड कढईत पोहे किंवा बटाटे टाकले तर जुन्या कढईलाही. आधी कढई तापवावी, मग तेल घालावं, तेल तापल्यावर जिन्नस घालावा, एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल, तेल मोजून द्यायचं असेल, तर नॉनस्टिकमध्ये थेंबभर तेलात काम भागतं. हे मान्यच करायला हवं. ऑम्लेट, घावन, डोसा यांसाठी एक छोटा नॉनस्टिक तवा मंद आचेवर, लाकडी उलथण्याने वापरावा. त्यात काही गैर नाही. पण म्हणून सगळ्या स्वयंपाकाची कढईच नॉनस्टिक घेणं मला पटत नाही. शिवाय तारेच्या घासणीने भांडी घासायची सवय ज्या घरात आहे, तिथे ती कढई लवकर सोलवटते, आणि सोललेला थर घरी परत चढवता येत नाही. गंजलेली लोखंडी कढई घासून, तापवून, तेल देऊन पुन्हा उभी राहते.

नॉनस्टिकने कर्करोग होतो, ही भीती मात्र अर्धवट माहितीवर उभी आहे. चिंता होती ती पीएफओए या रसायनाची. पीटीएफई बनवताना ते वापरलं जाई, आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक ठरवलं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५पर्यंत त्याचा वापर थांबवला होता आणि २०१९मध्ये स्टॉकहोम करारात त्याच्यावर जागतिक निर्बंध आले. कारखान्याभोवतीचं पाणी आणि तिथले कामगार यांना त्याचा जो धोका पोचला, तो तव्यावरच्या ऑम्लेटमधून पोचणाऱ्या धोक्याहून कितीतरी मोठा होता. लोखंडाची बाजू घ्यायला या भीतीची गरज नाही.

उलट लोखंडाच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इथिओपियात लहान मुलांवर वर्षभर झालेला एक प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात अॅल्युमिनियमपेक्षा लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन अधिक वाढलं होतं. अर्थात लोह उतरतं ते मुख्यतः ओल्या, आंबट आणि वेळ घेणाऱ्या पदार्थांत; कोरड्या भाकरीत फार नाही. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांना हा पर्याय नव्हे, आणि थॅलेसेमियासारख्या आजारात शरीरात आधीच लोह साचत असेल तर डॉक्टरांना विचारूनच लोखंडी भांडं वापरावं. आंबट पदार्थ तेलाचा थरही खातो, म्हणून चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचा रस्सा शिजला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा. रात्रभर कढईत राहिला तर काळा पडतो आणि तोंडात लोखंडाची चव येते.

घेताना महागड्या वोकच्या नावावर जाऊ नये. त्याच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आतच असतो, आणि बाजारात वजनावर मिळणारी पत्र्याची लोखंडी कढई त्याच जातकुळीतली आहे. बिडाची कढई वेगळी. तिच्यात कार्बन दोन ते चार टक्के, ती जड असते आणि आपटली तर तडकते. पत्रा दीड ते दोन मिलिमीटरचा पाहावा, त्याहून पातळ असला तर मधोमध भाजी लागते. गॅसच्या शेगडीवर गोल बूड छान बसतं, इंडक्शन असेल तर सपाट बूड हवं. कान पक्के आहेत का, ते हलवून पाहावं. कढई गच्च भरलेली असताना सांडशी घसरण्यापेक्षा दुकानात दोन मिनिटं जास्त गेलेली परवडतात.