धावता येत असूनही

साधू-साध्वींचा विहार पाहत वाढलेल्या आपल्या घरांत चालण्याला निराळे मोल आहे. चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकायचे, ही ईर्यासमिती जीवरक्षणासाठी असते. पदकासाठी चालणाऱ्या खेळाडूंशी तिची तुलना करणे उचित नव्हे. तरीही २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमधील महिलांची २० किलोमीटर चालण्याची शर्यत पाहताना पाऊल आणि नियम यांच्या नात्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

ही शर्यत प्रथम पाहणाऱ्याला बहुधा हसू येते. कंबर हेलकावे घेत असते, हात जोराने हलत असतात. ते हसू वेग कळेपर्यंतच टिकते. सिडनीच्या विजेतीने हे अंतर १ तास २९ मिनिटे ५ सेकंदांत कापले, म्हणजे तासाला सुमारे साडेतेरा किलोमीटर! आपल्यापैकी पुष्कळांना इतके धावताही येणार नाही.

नियम दोनच आहेत. एक पाय सदैव जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे आणि पुढचा पाय जमिनीला लागल्यापासून शरीराखाली सरळ उभा होईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. हे पारखायचे ते नुसत्या डोळ्यांनी. वेगवान कॅमेऱ्याने टिपले तर उत्तम खेळाडूंचेही दोन्ही पाय क्षणभर अधांतरी दिसतात. पण तो पुरावा येथे चालत नाही. मार्गावर ठिकठिकाणी पंच उभे असतात. सिडनीत तीन निरनिराळ्या पंचांची लाल कार्डे जमली की खेळाडू बाद होत असे.

त्या दिवशी आघाडीवरील चीनची लिऊ होंगयू बाद झाली. पाठोपाठ इटलीची एलिसाबेत्ता पेर्रोने. मग पुढे आली जेन सॅव्हिल, सिडनीचीच कन्या. स्टेडियममध्ये तिच्यासाठी प्रेक्षक खोळंबले होते. प्रवेशाच्या बोगद्यापाशी मुख्य पंचाने तिच्यापुढे लाल फलक धरला. अंतिम रेषा अगदी जवळ होती. सुवर्णपदक मागून आलेल्या चीनच्या वांग लिपिंगला मिळाले.

‘इतक्या शेवटी कशाला?’ असे कोणीही म्हणेल. पण कार्डे वाटेत जमत जातात आणि त्यांची नोंद मुख्य पंचापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. यजमान देशाची लाडकी खेळाडू, भरलेले स्टेडियम, समोर सुवर्णपदक; अशा वेळी फलक खाली ठेवणे किती सोपे होते! गिऱ्हाईक ओळखीचे म्हणून तराजूचा काटा हलत नाही, हे आपल्या पेढ्यांवर लहानपणीच शिकविले जाते. मला त्या पंचाचे वागणे कठोर वाटले, अन्यायाचे नव्हे.

सॅव्हिलने चालणे सोडले नाही. २००४ साली अथेन्स ऑलिम्पिकमध्ये याच शर्यतीत तिने कांस्यपदक मिळविले.

आपल्याकडेही आता हा खेळ रुजतो आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत प्रियांका गोस्वामीने १०,००० मीटर चालण्याच्या शर्यतीत रौप्यपदक पटकावले; वेळ ४३ मिनिटे ३८.८३ सेकंद. पुढच्या वेळी दूरदर्शन संचावर ही शर्यत लागली तर मुलाबाळांसह जरूर पाहावी, आणि दृष्टी खेळाडूंच्या चेहऱ्यांवर न ठेवता गुडघ्यांवर ठेवावी. पंचही तेथेच पाहत असतात.