चाळीस नंबरचे तेल

मोटारीच्या तेलाविषयी आपल्या घरांतून एक समजूत बापाकडून मुलाकडे चालत आलेली आहे. तेल जितके दाट तितके ते कसदार, आणि पातळ तेल म्हणजे पाणी घातलेले दूध, अशी ती समजूत. तिला काहीच आधार नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. ज्या काळी आपल्या रस्त्यांवर ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचेच राज्य होते, त्या काळी गॅरेजातला मिस्त्री उन्हाळ्यात ‘चाळीस नंबर’चा डबा उघडी आणि त्या तेलावर मोटार सुखाने धावे. पुढे ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाल्या. समजूत मात्र अद्याप निवृत्त झालेली नाही.

त्यामुळे अलीकडे अनेक घरांत एक पेच उभा राहतो. कर्ज काढून, हौसेने घेतलेल्या नव्या मोटारीच्या पुस्तिकेत ‘०डब्ल्यू-२०’ असे तेल सुचविलेले असते. ओळखीचा मिस्त्री ते पाहून हसतो आणि म्हणतो, “साहेब, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात हे पाणी टिकणार कसे? चांगले वीस-पन्नास घाला.” मिस्त्री अनुभवी असतो, प्रामाणिकही असतो. पुस्तिका मात्र दूरदेशी बसलेल्या कोणा इंजिनिअराने लिहिलेली वाटते. अशा वेळी गृहस्थाने ऐकावे कोणाचे? प्रश्न क्षुल्लक नाही. चुकीच्या तेलाचा परिणाम आठवड्याभरात दिसत नाही. तो काही वर्षांनी दिसतो, आणि तेव्हा एंजिन खोलण्याचा खर्च कुटुंबाचे वर्षाचे अंदाजपत्रक कोलमडून टाकतो.

प्रथम हा ‘नंबर’ म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत त्याला तेलाचे ‘वजन’ म्हणण्याची रूढी आहे. परंतु तेथे तराजूचा काहीही संबंध नाही. मोजला जातो तो तेलाचा दाटपणा, ज्याला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. एखादा द्रव वाहताना स्वतःच्याच ओघाला किती विरोध करतो, त्याचे ते माप. आपल्या गृहिणींना हे तत्त्व निराळे शिकवायला नको. साखरेचा पाक कढईत उकळत असताना पातळ दिसतो आणि निवला की बोटाला तार धरतो. पाक तोच, साखर तेवढीच. बदलले ते फक्त तापमान. म्हणून ‘हे तेल दाट की पातळ?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘किती तापमानाला?’ हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ साली तेलांची अशी वर्गवारी प्रथम केली. तीच सुधारत सुधारत आज जगभर चालते. डब्यावरील शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट आहे ते सांगतो. सेंटिस्टोक या मापात बोलायचे तर २० नंबरचे तेल त्या तापमानाला ६.९ ते ९.३, ३० नंबरचे ९.३ ते १२.५, ४० नंबरचे १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचे १६.३ ते २१.९ या मर्यादांत असावे लागते. साध्या थंड पाण्याचे माप सुमारे एक सेंटिस्टोक. म्हणजे ‘पाण्यासारखे’ म्हणून हिणवलेले २० नंबरचे तेल उकळत्या पाण्याइतके तापल्यावरही थंड पाण्याच्या सात-आठपट दाट असते!

‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत एंजिन फिरवताना तेल किती अडवणूक करील ते दर्शवितो. ०डब्ल्यू तेलाची ही परीक्षा शून्याखाली ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची शून्याखाली ३० वर, १०डब्ल्यूची २५ वर, तर २०डब्ल्यूची १५ वर. पूर्वीची तेले एकेरी नंबरची असत. उन्हाळ्यात एक आणि थंडीत दुसरे घालावे लागे. पुढे तेलात अशी रसायने मिसळू लागले की, ज्यांचे लांबलचक रेणू थंडीत गुंडाळून बसतात आणि उष्णतेत पसरून तेलाचा पातळपणा आवरून धरतात. त्यातून दोन आकड्यांची, बारमाही तेले निघाली. कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक, तेलांत तर मूळ तेलच तापमानाने कमी बदलणारे असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तेल एंजिनाचे रक्षण करते ते कसे? १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बोशॅम्प टॉवर नावाच्या अभियंत्याने रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने बूच ठोकले, तर बूचही बाहेर ढकलले गेले. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता आणि त्यातून उपजलेल्या दाबाने सारा भार तेलावर तोलला जात होता. धातूला धातू लागतच नव्हता. ऑसबर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ साली त्याचे गणित मांडले आणि वंगणशास्त्राचा पाया घातला.

या गणिताचे सार असे की, तेलाचा पडदा टिकण्यासाठी दाटपणा, फिरण्याचा वेग, भार आणि फटीची रुंदी या चौघांचा मेळ बसावा लागतो. नुसता दाटपणा वाढवून हा मेळ सुधारत नाही. आजच्या एंजिनात बेअरिंगची फट दोन ते पाच शतांश मिलिमीटर इतकीच असते. तेथून जाणारे तेल दोन कामे करते: भार पेलते आणि उष्णता वाहून नेते. फटीच्या मानाने तेल फार दाट असले, तर ते कमी प्रमाणात वाहते, आतल्या आत अधिक घासले जाऊन स्वतःच तापते आणि एंजिनाची शक्ती व्यर्थ खाते. इंधन त्याच प्रमाणात अधिक जळते. तेलाच्या पंपावर एक झडप असते. दाब फार वाढला की ती उघडते आणि तेल बेअरिंगकडे न जाता परत चेंबरमध्ये पडते. दाबाचा काटा वर गेला म्हणजे तेल अधिक पोहोचले, असे समजण्यात म्हणूनच अर्थ नाही.

शिवाय आजच्या तेलाकडे केवळ वंगणाचे काम राहिलेले नाही. झडपांची उघडझाप वेगानुसार मागेपुढे करणारी यंत्रणा आणि टायमिंगची साखळी ताणून धरणारा दट्ट्या ही कामे बहुतेक नव्या एंजिनांत तेलाच्या दाबावरच चालतात. त्यांच्या वाहिन्या बारीक असतात. तेथे ठरल्याहून दाट तेल उशिरा पोहोचते. पद्मिनीच्या एंजिनात यांतील काहीही नव्हते. म्हणून तिने चाळीस नंबर विनातक्रार सोसला.

“पण आमच्याकडचा उन्हाळा?” हा प्रश्न राहतोच. ग्वाल्हेरला किंवा हैदराबादेला मे महिन्यात पारा कोठे जातो, ते आम्ही वेगळे सांगायला नको. परंतु एंजिन ४५ अंशांवर चालत नाही. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांच्या योगे एंजिनातील पाणी बाराही महिने ९० अंशांच्या आसपास राखले जाते आणि तेल सामान्यतः ९० ते ११० अंशांवर राहते. लंडनची थंडी असो की ग्वाल्हेरचा वैशाख, एंजिन एकदा तापले की तेलाच्या दृष्टीने ऋतूंत फारसे अंतर उरत नाही. उलट, आपण समजतो त्याहून निराळी गोष्ट सकाळी घडते. उन्हाळ्यात उभ्या मोटारीतले तेल ४० अंशांवर असले, तरी त्या तापमानाला ४० नंबरचे तेल आपल्या नेमलेल्या दाटपणाच्या आठ-दहापट दाट असते. ०डब्ल्यू-२० तेलही पाचपट दाट असते. म्हणजे चालू करतानाच्या क्षणी कोणतेही तेल पातळ नसते, ते गरजेपेक्षा दाटच असते. एंजिनाच्या झिजेचा मोठा वाटा याच पहिल्या काही मिनिटांत पडतो. ‘डब्ल्यू’पूर्वीचा आकडा लहान असला तर तेल माथ्यापर्यंत लवकर पोहोचते, आपल्याकडे बर्फ पडत नसले तरी हा लाभ मिळतोच. बोटांच्या चिमटीत तेल चोळून ‘कस गेला’ असा निवाडा देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, बोटांना शंभर अंशांची परीक्षा घेता येत नाही.

मग दाट तेलाला स्थानच नाही का? आहे, आणि ते नेमके ओळखले पाहिजे. अनेक पुस्तिकांत एकाच एंजिनासाठी दोन-तीन नंबर दिलेले असतात आणि सोबत तापमानाचा तक्ता असतो. तेथे निवड करण्याची मुभा आहे. मोटार बहुधा शहरातच, एकदोन माणसांनिशी फिरत असेल, तर त्यांतील पातळ तेल घ्यावे. परंतु पाच माणसे, सामान आणि वर वातानुकूलन अशा थाटात इंदुराहून सेंधव्याचा घाट उतरून-चढून धुळ्याकडे, किंवा बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे वारंवार जाणे होत असेल, तर तेलाचे तापमान नेहमीपेक्षा वर जाते. अशा कुटुंबाने पुस्तिकेने मान्य केलेल्यांपैकी एक पायरी वरचा नंबर निवडला तर ते शहाणपणाचे होय. मात्र ‘पुस्तिकेने मान्य केलेल्यांपैकी’ हे शब्द गाळू नयेत. हमीच्या मुदतीत एंजिन बिघडले, तर कंपनी प्रथम तेलाचीच चौकशी करते.

जुन्या मोटारींची गोष्ट वेगळी. कोणी हौसेने वडिलांची ॲम्बॅसडर जपली असेल, तर तिच्या रुंद फटींसाठी २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० यांसारखे तेलच योग्य. तिच्यात ०डब्ल्यू-१६ ओतणे हाही तितकाच अविचार ठरेल. अंगणात जुनी आणि नवी अशा दोन मोटारी उभ्या असल्या, तर डबेही दोनच हवेत. नवी मोटार पुष्कळ धावून तेल खाऊ लागली, मागून निळसर धूर दिसू लागला, तर मिस्त्री दाट तेल सुचवील. त्याने तेलाचा खप काही काळ कमी होईलही. पण ते दुखण्यावरचे मलम आहे. झिजलेल्या रिंगा त्याने भरून येत नाहीत.

नंबराइतकेच महत्त्व त्याखालच्या बारीक अक्षरांना आहे. पेट्रोल एंजिनांसाठी अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची ‘एस’ने सुरू होणारी श्रेणी असते: २०१० सालची एसएन, २०२० सालची एसपी. टर्बो लावलेल्या लहान पेट्रोल एंजिनांत अवेळी होणारा स्फोट आणि साखळीची झीज यांवर एसपी श्रेणीत विशेष लक्ष दिलेले आहे. अशा मोटारीत निव्वळ नंबर जुळवून जुन्या श्रेणीचे तेल घालू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी गाळणारी जाळी असते. तेल जळून उरलेली राख तिच्यात साचते आणि ती राख जाळूनही जात नाही. म्हणून तेथे पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचेच तेल लागते. नंबर बरोबर आणि श्रेणी चुकीची, तर महागडी जाळी बदलण्याची पाळी येते.

मोटारीचे उरलेले तेल मुलाच्या मोटरसायकलीत ओतण्याची काटकसरही करू नये. मोटरसायकलीचा क्लच बहुधा एंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू लागतो. तिच्यासाठी डब्यावर ‘जासो एमए’ अशी खूण असलेले तेल घ्यावे.

तात्पर्य, तेलाची निवड हवामानाने किंवा सवयीने ठरत नाही. ती त्या एंजिनाच्या फटी आणि वाहिन्या ज्यांनी आखल्या त्यांनी आधीच ठरविलेली असते. मिस्त्रीशी वाद घालण्याचे कारण नाही. त्याचा हात एंजिनावर बसलेला आहे. पुस्तिकेचे ते पान त्याच्यासमोर उघडून ठेवले म्हणजे पुरे. तेलबदलाच्या दिवशी सीलबंद डबा आपल्या देखत उघडून घ्यावा, फिल्टर त्याच वेळी बदलावा आणि घरच्या हिशेबाच्या वहीत तारीख, किलोमीटर, तेलाचा नंबर व श्रेणी यांची एक ओळ टिपून ठेवावी. पुढच्या खेपेला घरातील कोणीही मोटार घेऊन गेले, मुलगा असो की सून, तरी “कोणते तेल घालू?” या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत तयार असेल.