१०८ची गाडी येईपर्यंत

मंडळी, रानात कुणाला पान लागलं, म्हणजे साप डसला, की पहिली धाव असते ती मांत्रिकाकडं. नाहीतर वर करकचून दोरी आवळायची, जखमेवर ब्लेड मारायचं. यातलं काही करू नका. विषावर उतारा प्रतिविषाच्या इंजेक्शनाचा, आणि ते मिळतं रुग्णालयात. तेव्हा आधी १०८ला फोन लावा. पैसे पडत नाहीत, ना फोनाला, ना गाडीला.

१०८ची सेवा २००५ साली हैदराबादेस सुरू झाली; महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी आली. गाडीत डॉक्टर असावा ही इथली योजना, आणि ती मोलाची आहे.

पण गाडी अडते कुठं, ठाऊक आहे? पत्त्यापाशी. "वाडीवरून बोलतोय" म्हणून भागत नाही. एकाच नावाच्या वाड्या चार असतात. गाव, तालुका, जिल्हा सांगा, जवळचं देऊळ नाहीतर पूल सांगा. फोन आपण होऊन बंद करू नका. एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. गुरुजी, एवढं मुलांकडून वर्गात एकदा वदवून घ्याच. घरातला फोन बहुधा त्यांच्याच हाती असतो!

तोवर रोग्याला निजवून ठेवा, चालवू नका. डसलेला हात वा पाय फळीला सैलसर बांधा, हलू देऊ नका. सूज चढते, म्हणून अंगठ्या, बांगड्या, जोडवी उतरवा. साप मारण्यात वेळ दवडू नका. किती वाजता डसला तेवढं ध्यानात ठेवा; डॉक्टर ते विचारतीलच.